दर पावसाळ्यात हेडफोनचा आवाज पातळ होतो आणि कान दुखतात: कारण आणि उपाय

जूनमध्ये पाऊस स्थिरावला की पुढच्या दोन-अडीच महिन्यांत माझ्या कान झाकणाऱ्या मोठ्या हेडफोनचा आवाज हळूहळू पातळ होत जातो, खर्ज निघून जातो, डावी बाजू उजवीपेक्षा मंद वाटू लागते आणि त्याच सुमारास तासाभराच्या वापरातच कानांचे वरचे काठ ठणकू लागतात. हे सलग तीन वर्षे घडले. आवाजाची तक्रार वेगळी आणि दुखण्याची तक्रार वेगळी, असे समजून मी दोन्हींवर निरनिराळे उपाय करत राहिले, आणि नेमक्या त्या समजामुळेच दोष सापडायला इतका वेळ लागला.

माझे काम ध्वनिमुद्रित मुलाखती ऐकून त्या टंकित करण्याचे आहे. बहुतेक मुलाखती बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातल्या असतात. बोलणारा माणूस एकाच वाक्यात मराठीतून कन्नडमध्ये जातो आणि परत येतो. त्यात कन्नडमधल्या ऱ्हस्व आणि दीर्घ ए-ओचा भेद मराठी कानाला सहज निसटतो, पण लिहिताना तो चुकवून चालत नाही. आठवड्याचे सहा दिवस, दिवसाला साडेसहा तास हेडफोन डोक्यावर असतो. राहायला मी बेळगावच्या वडगावात, मागच्या गल्लीत यंत्रमाग आणि स्वयंपाकघरावर पत्रा. त्यामुळे हेडफोनने आवाज नीट देणे जितके गरजेचे, तितकेच बाहेरचा आवाज बाहेर ठेवणेही.

पहिल्या वर्षी मी इक्वलायझरमध्ये खर्जाची पट्टी वर सरकवली. दुसऱ्या वर्षी बाजारातल्या एका दुकानात हेडफोन दाखवला. तिथल्या मुलाने तो कानाला न लावताच "ताई, ड्रायव्हर गेलाय, नवीन घ्या" (ड्रायव्हर म्हणजे आतला आवाज काढणारा छोटा स्पीकर) असे सांगितले आणि मी मुकाट्याने नवीन घेतला. तिसऱ्या वर्षी गणपतीच्या तोंडावर त्या नव्या हेडफोननेही तेच रडगाणे सुरू केले, तेव्हा मात्र दोष ड्रायव्हरमध्ये नसावा अशी शंका आली.

ती शंका पक्की केली माझ्या मावसभावाने. तो अथणीला चपलांच्या धंद्यात आहे. आम्ही दोघांनी पहिला हेडफोन एकाच आठवड्यात आणि एकाच जातीचा घेतला होता. दिवाळीत तो घरी आला तेव्हा आम्ही दोन्ही हेडफोन शेजारी ठेवून पाहिले. त्याच्या हेडफोनच्या गाद्या जवळजवळ नव्यासारख्या होत्या. माझ्या गाद्यांचे काळे पापुद्रे सुटले होते आणि आतला स्पंज पोळीसारखा चपटा झाला होता. तो दिवसाला तासभरच वापरतो हे खरे, पण माझा तो हेडफोनही आदले वर्षभर कपाटातच पडून होता. भावाने गादीवर नख फिरवले आणि म्हणाला, "हे कातडं नव्हे ताई, रेक्झीन आहे. कातड्याला बुरशी आली असती, पण असा थर सुटला नसता." अथणीचा पाऊस आमच्या खानापूर-जांबोटीच्या मानाने शिंतोड्यांइतकाच. एकाच बेळगाव जिल्ह्यात पश्चिमेला सह्याद्रीची ओल आणि पूर्वेला कोरडे पठार असल्यामुळे एकाच वस्तूचे आयुष्य असे वेगवेगळे निघते.

गादीचे नेमके काय होते

बहुतेक हेडफोनच्या गाद्यांवर जे कातड्यासारखे आवरण असते, ते कापडावर दिलेला पॉलियुरेथेनचा पातळ थर असतो. हवेतली ओल या थरात शिरून त्याच्या रेणूंची साखळी हळूहळू तोडत राहते, आणि उष्णता, घाम व डोक्याचे तेल यांनी ही झीज आणखी वाढते. ज्यांनी लग्नाला घालायचे म्हणून जपून ठेवलेले बूट पावसाळ्यानंतर कपाटातून काढले आहेत आणि चार पावलांत तळाचा चुरा झालेला पाहिला आहे, त्यांना हा प्रकार ओळखीचा वाटेल. तिथेही पुष्कळदा पॉलियुरेथेनच असते, आणि न वापरता ठेवल्यामुळे ते वाचत नाही. आतला स्पंजही ओल धरून मऊ पडतो, दाबला की पुन्हा पूर्ण उठत नाही, आणि गादीची उंची काही मिलिमीटरने कमी होते.

या काही मिलिमीटरांतच सगळे गणित आहे. बंद पाठीच्या, म्हणजे कानावरची वाटी बाहेरून बंद असलेल्या, हेडफोनमध्ये ड्रायव्हरचा पडदा, गादीची भिंत आणि आपला कान मिळून एक छोटी बंद खोली तयार होते. वरच्या पट्टीचे आवाज फटीची फारशी पर्वा करत नाहीत, पण खालच्या पट्टीचा आवाज म्हणजे त्या खोलीतल्या हवेचा संथ दाब असतो, आणि कुठेही फट राहिली की तो दाब बाहेर निघून जातो. म्हणून गादी चपटी झाली किंवा तिच्या आवरणाला तडे गेले, की आधी खर्ज जातो आणि उरलेला आवाज किरटा वाटू लागतो. त्याच वेळी कानाचा काठ आतल्या कठीण जाळीला टेकू लागतो. प्रौढ माणसाचा कान साधारण ६ ते ६.५ सेंटीमीटर उंच असतो आणि डोक्यापासून सुमारे २ सेंटीमीटर बाहेर आलेला असतो. चपट्या झालेल्या गादीत त्याला ती २ सेंटीमीटरची खोली मिळत नाही. खर्ज जाणे आणि काठ दुखणे या एकाच चपट्या गादीच्या दोन तक्रारी आहेत.

शब्द समजण्यासाठी खर्ज लागत नाही, असे कोणी म्हणेल, आणि ते बरोबर आहे. पण तळ गेलेला आवाज सतत टोचतो, शिवाय ज्या फटीतून खर्ज बाहेर जातो त्याच फटीतून मागांचा खटखटाट आणि पत्र्यावरचा पाऊस आत येतो. मग आपण नकळत आवाज वाढवतो. हेडफोनमध्ये बाहेरचा गोंगाट कमी करणारी सोय असली तरी सुटका नाही, कारण ती मुख्यतः पंखा, बसचे इंजिन अशा एकसुरी, खालच्या पट्टीच्या आवाजांवर चालते आणि तिलाही गादी घट्ट बसलेलीच लागते. मागाच्या तुटक ठोक्यांपुढे तर तिचे फारसे चालतच नाही.

खात्री कशी करावी

खर्चात पडण्याआधी दहा मिनिटांची तपासणी करावी. तंबोऱ्याचे एखादे चांगले ध्वनिमुद्रण लावावे. मी मिरजेच्या तंबोऱ्याचे लावते, कारण त्यात खर्जाची तार आणि जवारीची बारीक झिणझिण ही दोन्ही टोके एकाच वेळी कानावर पडतात. शांतपणे ऐकत असताना दोन्ही कप (कानावरच्या वाट्या) तळहातांनी अलगद आत दाबावेत. खर्जाची तार एकदम जवळ आल्यासारखी भरली आणि हात काढताच पुन्हा मागे गेली, तर गादीत फट आहे. दाबूनही काही फरक पडला नाही, तर दोष दुसरीकडे आहे. नंतर हीच तपासणी चष्मा काढून करावी, आणि त्यानंतर काही चघळल्यासारखा जबडा हलवून करावी. जबडा हलताना खर्ज ये-जा करत असेल तर फट कानाच्या खालच्या बाजूला आहे असे समजावे.

एका बाजूचा आवाज मंद वाटत असेल तर हेडफोन उलटा घालावा, म्हणजे डावा कप उजव्या कानावर. मंदपणा कपाबरोबर दुसऱ्या कानाकडे गेला तर दोष हेडफोनचा किंवा वायरचा आहे. तो त्याच कानाकडे राहिला तर कानात मळ साचलेला असू शकतो, आणि आमच्याकडच्या दमट महिन्यांत कानात बुरशीचा संसर्ग होऊन खाज आणि दडा बसणेही नवे नाही. अशा वेळी काडी किंवा पिन न घालता कान-नाक-घसा डॉक्टरांना दाखवावे. याच तपासणीत मोबाइलमधल्या सुलभतेच्या सेटिंगमध्ये डावे-उजवे संतुलन मधोमध आहे ना, हेही पाहून घ्यावे. माझ्या भाचीने एकदा खेळता खेळता ते सरकवले होते आणि मी दोन दिवस वायरला दोष देत बसले होते.

चष्मा, कुड्या आणि केस

गादी नवी असूनही फट राहत असेल तर ती बहुधा आपणच घातलेली असते. चष्म्याची जाड काडी गादीखालून जाताना तिच्या वर आणि खाली दोन लहान बोगदे ठेवते, शिवाय तीच काडी कानामागच्या हाडावर दाबली जाऊन तिथे दुखते. मी कामासाठी पातळ तारेच्या काड्यांचा वेगळा चष्मा करून घेतला. हेडफोनच्या किमतीच्या मानाने तो खर्च कमी होता आणि त्याने जितका आराम मिळाला तितका इतर कशानेही नाही. ते जमत नसेल तर आधी हेडफोन घालून मग चष्म्याची काडी गादीच्या किंचित वरून सरकवावी. काच थोडी तिरकी राहते, पण टंकनापुरते चालते.

कुड्यांचा मुद्दा पुरुषांच्या लक्षात येत नाही आणि हेडफोनच्या परीक्षणांत तर तो दिसतच नाही. कुडीची मागची फिरकी गादीने आत ढकलली जाते आणि कानाच्या पाळीमागे तासाभरात खळगा पडतो. कामाला बसताना कुड्या काढून ठेवणे हाच त्यावरचा खरा उपाय आहे, आणि ज्यांना त्या काढायच्या नसतील त्यांनी निदान चपटी फिरकी घ्यावी. वेणी किंवा अंबाडा मानेवर खाली बांधावा, म्हणजे केसांची बट गादीखाली येत नाही. डोक्याला खोबरेल लावायचे ते रात्री लावून सकाळी न्हाऊन मगच कामाला बसावे, कारण ते तेल गादीच्या आवरणात मुरते.

हेडबँड फार आवळत असेल तर डोक्याहून थोड्याच रुंद पुस्तकांच्या चळतीवर हेडफोन रात्रभर चढवून ठेवण्याचा उपाय चांगला आहे, पण तो पोलादी पट्टीच्या हेडबँडलाच करावा. नुसत्या प्लास्टिकचा असेल तर तो तडकतो. आणि अती सैल करू नये, कारण पकड गेली की गादी टेकत नाही आणि आपण पुन्हा खर्जाच्या तक्रारीपाशी येतो. टाळूवर एकाच जागी दुखत असेल तर पट्टी बोटभर पुढे-मागे करून पाहावी आणि दोन्ही बाजूंच्या सरकत्या दांड्या वेगवेगळ्या लांबीवर ठेवून पाहाव्यात. पुष्कळांचे दोन्ही कान एका उंचीवर नसतात. माझ्या उजव्या बाजूची दांडी डाव्या बाजूपेक्षा दोन खाचा खाली असते.

गादी बदलणे

तपासणीत फट सापडली आणि गादी चपटी असेल तर नवी गादी हाच इलाज आहे. बहुतेक हेडफोनवर गादीची मागची कड कपाच्या खाचेत ताणून बसवलेली असते, काहींना ती थोडी फिरवून काढावी लागते आणि काहींना प्लास्टिकच्या कडीवर दाबून बसवतात. जोर लावण्याआधी आपल्याकडे यांपैकी कोणता प्रकार आहे हे पाहावे. नवी मागवताना बाहेरची लांबी-रुंदी, आतल्या भोकाची लांबी-रुंदी आणि जाडी अशी पाच मापे मिलिमीटरमध्ये लिहून घ्यावीत. नुसते हेडफोनच्या नावावर विसंबून राहू नये, कारण त्याच नावाने विकल्या जाणाऱ्या स्वस्त गाद्यांची आतली भोके लहान निघतात, आणि मग कानाचा काठ गादीखालीच चिरडला जातो.

गादीच्या प्रकाराबद्दल माझे मत स्पष्ट आहे. मखमली गादीत घाम कमी येतो, पण तिच्यातून हवा जाते, त्यामुळे बंद पाठीच्या हेडफोनचा खर्ज थोडा कमी होतो आणि बाहेरचा आवाज जास्त येतो. शांत घरात ती उत्तम, वडगावात नाही. खऱ्या कातड्याची गादी टिकते, मात्र पावसाळ्यात तिला बुरशीपासून जपावे लागते. मी रेक्झीनचीच घेते आणि ती वर्षभराची वस्तू आहे असे धरून चालते. गादीवर सुती खोळ शिवून घालण्याचा प्रयोगही केला. घाम टिपला गेला, पण जाड कापडातून खर्ज गळाला. खोळ घालायचीच तर पातळ ताणाच्या कापडाची घालावी.

जुनी गादी काढली की ड्रायव्हरवरचे पातळ कापड जागचे हलवू नये, ते आवाजाच्या रचनेचाच भाग असते. कपावरची बारीक भोके चिकटपट्टीने बुजवू नयेत. ती हवेसाठी मुद्दाम ठेवलेली असतात. एखाद्या विशिष्ट सुरालाच खरखर येत असेल तर पडद्याला टेकलेला केस शोधावा आणि तो प्लास्टिकच्या चिमट्याने काढावा. लोखंडी चिमटा ड्रायव्हरच्या चुंबकाकडे झटक्यात ओढला जातो आणि पडदा फाटतो.

गादीचा दोष नसेल तेव्हा

काही तक्रारी वरवर अशाच दिसतात, पण त्यांचा गादीशी संबंध नसतो. ब्लूटूथ हेडफोनवर गाणे उत्तम वाजते आणि ऑनलाइन बैठक सुरू होताच सगळे जुन्या टेलिफोनसारखे ऐकू येते, ही त्यातली सर्वांत सामान्य तक्रार. हेडफोनचा मायक्रोफोन चालू झाला की जोडणी संगीताच्या मार्गावरून संभाषणाच्या मार्गावर जाते; तिथे आवाज एकेरी (मोनो) होतो आणि बहुतेक हेडफोनमध्ये त्याचे नमुने सेकंदाला ८,००० किंवा १६,००० इतकेच घेतले जातात, आणि नमुन्यांच्या निम्म्या हर्ट्झपर्यंतचाच आवाज त्यात उरतो. 'स' आणि 'श' यांची धार बरीचशी ४,००० हर्ट्झच्या वर असते, म्हणून तीच आधी बोथट होते. उपाय सोपा आहे: बैठकीच्या सेटिंगमध्ये मायक्रोफोन म्हणून लॅपटॉपचा स्वतःचा निवडावा आणि हेडफोन फक्त ऐकण्यासाठी ठेवावा. आवाज मध्येमध्ये तुटत असेल तर मायक्रोवेव्ह आणि २.४ गिगाहर्ट्झवरचा वायफाय यांच्यापासून दूर बसून पाहावे, कारण ब्लूटूथही त्याच पट्ट्यात चालते.

वायरच्या हेडफोनमध्ये एक चमत्कारिक दोष दिसतो. गाण्यात वाद्ये दूरवर घुमत राहतात, पण मधला गायक नाहीसा होतो. आणि माझ्यासारख्याची एकेरी ध्वनिमुद्रणाची फाइल असेल तर जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. पिन पूर्ण आत गेलेली नसली किंवा सामाईक तार तुटली की दोन्ही ड्रायव्हर एकमेकांच्या विरुद्ध जोडले जातात, आणि डाव्या-उजव्यात जे समान असते ते एकमेकांना खोडून टाकते. मोबाइलचे जाड कव्हर काढून पिन दाबून पाहावी, फोन बंद करून भोकातला खिशाचा कापूस लाकडी काडीने काढावा. तरीही तसेच राहिले तर वायर पिनेपाशी तुटलेली आहे.

लॅपटॉप चार्जिंगला लावल्यावरच गुणगुण येत असेल आणि प्लग काढताच ती थांबत असेल, तर ती विजेकडून आलेली आहे. गावातल्या जुन्या घरांत अर्थिंग नसते किंवा नावापुरते असते, आणि दोन पिनांच्या चार्जरमधून सूक्ष्म गळती हेडफोनपर्यंत येते. लॅपटॉपच्या धातूच्या पाठीवर हात फिरवल्यास मुंग्या आल्यासारखे होते ते त्यामुळेच. महत्त्वाच्या कामापुरते बॅटरीवर चालवावे आणि इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्यावे. तीन पिनांच्या चार्जरची मोठी पिन तोडून तो दोन पिनांच्या बोर्डात खुपसणाऱ्यांची आमच्या गल्लीत कमी नाही. तसे करू नये.

आवाजाची पातळी आणि ठेवण

जागतिक आरोग्य संघटनेच्या सुरक्षित श्रवणाच्या मार्गदर्शनानुसार प्रौढांसाठी मर्यादा आठवड्याला ४० तास, सरासरी ८० डेसिबल अशी आहे, आणि दर ३ डेसिबल वाढीला वेळ निम्मा होतो. माझ्या आठवड्याचे ३९ तास भरतात, म्हणजे ८० डेसिबलवर मी जेमतेम काठावर आहे आणि ८३वर गेले की गुरुवारी सकाळीच कोटा संपतो. म्हणून गाद्या बदलल्यावर पहिल्याच दिवशी मी मागांच्या आवाजात शब्द स्पष्ट लागतील इतकीच पातळी शोधून लॅपटॉपवर तिची नोंद करून ठेवते. पुढे कधी तीच फाइल त्या पातळीवर पुरेनाशी झाली तर पातळी न वाढवता मी आधी कप दाबून पाहते; गादी चपटी होऊ लागल्याची सूचना मला अशी पापुद्रे सुटण्याच्या कितीतरी आधी मिळते.

काम संपल्यावर गाद्या ओलसर मऊ कापडाने पुसून लगेच कोरड्या कराव्यात. स्पिरिट किंवा सॅनिटायझर लावू नये, त्याने आवरण कडक होऊन तडकते. उन्हात वाळवू नये. पावसाळ्यात रात्री हेडफोन झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावा आणि पुड्या अधूनमधून बदलाव्यात. तांदळात ठेवण्याचा सल्ला पुष्कळ जण देतात, पण तांदळाची भुकटी जाळीतून थेट पडद्यावर जाते. तासाभराने दहा मिनिटे हेडफोन काढून गाद्या मोकळ्या हवेत राहतील असा टांगावा, म्हणजे कान आणि स्पंज दोन्ही सुकतात.

पूर्वी मी मे महिन्यातच, पावसाच्या आधीची खरेदी म्हणून, सुट्या गाद्यांचा जोड आणून ठेवत असे आणि तो पाकिटातच ओल धरत असे. आता चपट्या गाद्यांवरच सप्टेंबर काढते, त्या महिन्यात काम थोडे कमी घेते, आणि नवा जोड दसऱ्यानंतर हवा कोरडी झाली की मागवते.